गच्चीवरची माउंटन बाइक

प्रश्न : ताई, 1998 साली आमचा दादा इंजिनिअरिंगला गेला तेव्हा बाबांनी त्याला 18 गिअरची लाल माउंटन बाइक घेऊन दिली होती. फ्रेमवर त्याच्या होस्टेलच्या खोलीचा नंबर अजून आहे. तो जर्मनीला गेला तेव्हापासून सायकल गच्चीवर टाकीमागे उभी आहे. टायर तडकलेत, सीटचा पाइप जागचा हलत नाही, गिअर पडत नाहीत. दिवाळीला दादा लेकीला घेऊन येतोय, तिला हीच सायकल द्यावी असं मनात आहे. आमच्याकडचा मेकॅनिक म्हणतो, भंगारात घाला, नाहीतर आधी रंगवून घ्या. घरी काय करता येईल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : भंगारात घालू नका, आणि रंगवू तर मुळीच नका. नव्या रंगाखाली नेमकं तेच झाकलं जातं जे तुम्हाला पहिल्यांदा पाहायचंय. आमच्या वडिलांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं. जुनी सायकल दारात आली की ते ती ओल्या फडक्याने पुसायचे आणि डोळे मिटून फ्रेमवरून बोटं फिरवायचे. तुम्हीही तेच करा. हँडलखालच्या उभ्या नळीला वरची आणि खालची नळी जिथे मिळतात, तिथे मागच्या बाजूने चाचपा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर सायकल कधीतरी समोरून जोरात आपटलेली आहे. मागच्या एक्सलजवळच्या आणि पेडलजवळच्या सांध्यांवर केसाएवढी गंजाची रेघ दिसली, तर ती चीर असू शकते. यातलं काहीही सापडलं तर मुलीला त्यावर बसवू नका. काही सापडलं नाही, तर वरवरच्या गंजाने घाबरू नका. पोलादी फ्रेम पुष्कळ सोसते.

सीटचा पाइप हातोडीने उपटायला जाऊ नका, मुरगळून सोडवायचा. आधी दुकानातून क्रँक, म्हणजे पेडल ज्यांना बसतात त्या दांड्या, आणि त्यांना जोडणारा मधला एक्सल काढून आणा. क्रँक ओढून काढायला पुलर नावाचं हत्यार लागतं आणि एक्सल धरणाऱ्या उजव्या वाटीला बहुधा उलटे आटे असतात, म्हणून एवढं एक काम दुकानात द्या. घरी फ्रेम उलटी टांगा आणि त्या मोकळ्या झालेल्या पोकळीतून सीटच्या नळीत गंज सोडवणारं तेल ओता. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ओता. मग सीटचा बोल्ट पूर्ण काढा, जुनी सीट घट्ट बसवा आणि तिला दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी फिरवा. पहिली कुरकुर ऐकू आली की अर्धं काम झालं.

पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. मी बारा वर्षांची असताना पान्यावर उभी राहून एका गिऱ्हाइकाच्या क्रँकचे आटे मारले होते, वडिलांनी नवा क्रँक स्वतःच्या पैशाने घातला. सोपी खूण सांगते : पाना वरच्या दिशेला उभा लावा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पेडलं अशीच सुटतात.

आता चाकं, कारण या सायकलचा जीव छर्ऱ्यांत, म्हणजे चाकातल्या पोलादी गोळ्यांत आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 1970 च्या दशकात पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडत. पेडल उलटं दाबून लागणाऱ्या ब्रेकच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस एका उतारातच जळून जाई आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागे. त्यावरून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. 1976 पासून तिथे शर्यती झाल्या आणि त्याच मंडळींतून माउंटन बाइक घडली. तुमच्या सायकलचं ग्रीसही एव्हाना मेणासारखं घट्ट झालं असणार. ताटात जुनं कापड पसरून हब उघडा. साध्या हबमध्ये बहुतेक वेळा पुढे दोन्ही बाजूंना 3/16 इंची 10-10 आणि मागे पाव इंची 9-9 छर्रे निघतात, तरी मोजून लिहून ठेवा. रॉकेलमध्ये सगळं धुवा. छर्रे नवेच घ्या, ते महाग नसतात. कोनवरून, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूसारख्या नटावरून, बॉलपेनचं टोक फिरवा, ते अडकलं तर कोनही बदला. कोन पुन्हा बसवताना चाक डुगडुगायला नको आणि फिरवताना बोटांना खरखरही लागायला नको. या एका कामाला मला आजही अर्धा तास लागतो.

टायर घेताना जुन्या टायरवरचा आकडा कागदावर उतरवून न्या. 26 × 1.95 आणि 26 × 1 3/8 हे दोन्ही ‘सव्वीस इंची’ असले तरी एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. 1.95 वाल्यावर बारीक अक्षरात 559 असतं, दुसऱ्यावर 590. दुकानदाराला तो तीन आकडी नंबर सांगा.

गिअर बहुधा बिघडलेले नाहीत. केबल बाहेरच्या कव्हरात गंजून अडकते आणि अंगठ्याने दाबायच्या खटक्यात ग्रीस घट्ट होतं. केबल आणि कव्हर दोन्ही नवीन घाला. चेन फूटपट्टीने मोजा : एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं की 12 इंचांवर पिनचाच मध्य यायला हवा. तो 1/16 इंच पुढे सरकला असेल तर चेन बदला, 1/8 सरकला असेल तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठाही.

पैसे हात राखून खर्च करायचे असतील तर ब्रेकवर राखू नका. इतक्या वर्षांचं ब्रेकचं रबर लाकडासारखं होतं, नख रुतत नाही. चारही रबरं आणि दोन्ही केबल नवीन हव्यात. रिम पोलादी असेल तर पावसात ब्रेक उशिरा लागतो, हे भाचीला, म्हणजे दादाच्या लेकीला, आधीच सांगून ठेवा.

हँडल आणि रिमच्या क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो. तो बोळा रंगाला लावू नका. लाल रंगावर फक्त गाडीचं वॅक्स, मऊ फडक्याने. खोलीच्या नंबराशी आलात की बोटाने हलकेच लावा, तिथला रंग हाताने काढलेला आहे.