ग्राहकांची चिडचिड मनाला लावून न घेता सेवा व्यवसायात काम कसे करावे?

तुम्ही लिहिले आहे की एका कर सल्लागाराच्या कार्यालयात लागून तुम्हाला वर्ष झाले, काम आवडते, पण एखादा क्लायंट फोनवर चिडून बोलला की दिवसभर कशातच लक्ष लागत नाही आणि रात्री तेच शब्द कानात घुमत राहतात. मी सांगलीत 19 वर्षांपासून हेच काम करतो. आधी आयकर आणि व्हॅट, जुलै 2017 पासून आयकर आणि जीएसटी. पहिली सहा-सात वर्षे माझीही अवस्था अशीच होती, म्हणून सविस्तर लिहितो.

‘मनाला लावून घेऊ नकोस’ असे मला अनेकांनी सांगितले होते आणि त्याचा एकदाही उपयोग झाला नाही, कारण मन सांगून ऐकत नाही. मला खरा फरक पडला तो रागाकडे नव्हे, कौतुकाकडे बघण्याची पद्धत बदलल्यावर. पूर्वी एखाद्याचा रिफंड दहा-बारा दिवसांत खात्यात जमा झाला की तो पेढे घेऊन येत असे, ‘साहेब, तुमच्यामुळे लवकर आला’ असे म्हणत असे, आणि मी ते आनंदाने ऐकून घेत असे. वास्तविक मी रिटर्न बिनचूक आणि वेळेत भरले होते, एवढेच माझे काम होते. पुढची प्रक्रिया आयकर विभागाच्या बंगळूरु येथील केंद्रात संगणकावर होते आणि तिला दहा दिवस लागतील की चार महिने, हे माझ्या हातात नसते. जे माझ्या हातात नव्हते त्याचे श्रेय मी घेतले, म्हणजे तेच काम रखडल्यावर त्याचे खापर माझ्यावर फुटणार, हेही मीच ठरवून टाकले होते. त्यानंतर मी पेढे घेतो, पण ‘रिटर्न नीट भरले गेले हे माझे काम, रिफंड लवकर आला हा योग’ असे त्याच वेळी स्पष्ट सांगतो. हे वाक्य वरवर क्लायंटसाठी असले तरी ते मला स्वतःला ऐकवणे अधिक गरजेचे होते.

कोणतेही काम घेताना कुठपर्यंतची जबाबदारी आपली, हे स्वतःशी स्पष्ट नसेल तर समोरच्याचा प्रत्येक शब्द आपल्यावरचा आरोप वाटतो. जुलै 2024 नंतर आमच्या व्यवसायातील बहुतेकांना याचा अनुभव आला. त्या वर्षी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87अ खाली 25,000 रुपयांपर्यंत सूट होती. एका तरुण क्लायंटचे पगार धरून एकूण उत्पन्न साडेसहा लाख होते, त्यात शेअर विक्रीचा अल्पकालीन नफा 40,000 रुपयांचा होता. जूनमध्ये रिटर्न भरताना विभागाच्याच प्रणालीने पूर्ण कर सुटीत बसवून शून्य दाखवला. 5 जुलैला प्रणालीत बदल झाला, अशा नफ्यावरच्या करावर सूट मिळणे बंद झाले, आणि काही महिन्यांनी त्याला 6,240 रुपयांची मागणी आली. पुढे हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, सुधारित रिटर्नची मुदत 15 जानेवारी 2025 पर्यंत वाढली, ते सगळे नंतरचे. त्या दिवशी तो मुलगा माझ्यासमोर उभा होता आणि म्हणत होता, ‘तुम्हाला येत नव्हते तर आधीच सांगायचे.’

दहा वर्षांपूर्वी हे वाक्य माझ्या वर्मी लागले असते आणि मी कायदा समजावण्याच्या नावाखाली त्याच्याशी भांडलो असतो. त्या दिवशी मी त्याला बसवून कलम 143(1) खाली आलेली सूचना दोघांच्या मध्ये ठेवली. तुम्ही ती रोज बघत असाल: एका रकान्यात करदात्याने सांगितलेला आकडा असतो, शेजारच्या रकान्यात विभागाने काढलेला. आमचे अर्धे काम हे दोन रकाने नेमके कोणत्या ओळीवर वेगळे झाले हे शोधण्याचे आहे. रागावलेल्या माणसाचे बोलणेही मी तसेच ऐकू लागलो आहे. तो काय म्हणतो आहे आणि प्रत्यक्षात काय घडले आहे, हे कोणत्या ओळीवर वेगळे होते? त्या मुलाला माझ्या ज्ञानाबद्दल काही म्हणायचे नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा सरकारकडून पैशाची मागणी आली होती, घरी वडिलांना काय सांगावे हे त्याला सुचत नव्हते, आणि आपल्या हातून काही गुन्हा घडला की काय ही भीती त्याच्या मनात होती. हे त्याने पंधरा मिनिटांनी स्वतःच सांगितले. आमच्याकडे येणाऱ्या रागाच्या मुळाशी बहुतेक वेळा भीती असते, असे माझे मत आहे. नोटीस या शब्दानेच साधा माणूस हादरतो, आणि तो विभागावर ओरडू शकत नाही म्हणून आपल्यावर ओरडतो.

व्यापाऱ्यांचा राग निराळा असतो. 2022 पासून पुरवठादाराने बिल आपल्या जीएसटी विवरणात दाखवले नाही तर खरेदीदाराला त्या कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सोय, मिळत नाही, आणि महिन्याच्या 20 तारखेला कर रोख भरावा लागला की व्यापारी पुरवठादाराला सोडून मला बोलतो. यावर उपाय शब्दांचा नाही, तारखेचा आहे. 14 तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर क्रेडिटचा तक्ता तयार होतो, त्याच दिवशी मी कोणाची बिले आलेली नाहीत याची यादी त्यांना पाठवतो. मग उरलेल्या सहा दिवसांत फोन पुरवठादाराला जातो.

मात्र एक गोष्ट मी तुम्हाला कळकळीने सांगेन. मनाला लावून न घेणे म्हणजे अंगाला लावून न घेणे नव्हे. काही वेळा राग अगदी योग्य असतो. रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत त्याची पडताळणी झाली नाही, तर ते नंतर ज्या दिवशी पडताळले जाईल त्या दिवशीच भरले असे धरले जाते. एका निवृत्त शिक्षिकेचे रिटर्न मी 20 जुलैला भरले आणि ओटीपी घेऊन पडताळणी करायचे राहून गेले. चूक पूर्णपणे माझी होती. बाईंचे रिटर्न उशिराचे ठरले आणि 5,000 रुपये विलंब शुल्क लागले. त्या फोनवर फार कठोर बोलल्या. त्या वेळी ‘हे माझ्याविषयी नाही’ असे स्वतःला समजावणे म्हणजे खोटेपणा झाला असता, कारण ते माझ्याविषयीच होते. मी त्यांच्या घरी गेलो, चूक कोणत्या दिवशी आणि कशी झाली ते सांगितले, शुल्क माझ्याकडून भरले, आणि तेव्हापासून कार्यालयात पडताळणी बाकी असलेल्या रिटर्नची वेगळी वही ठेवली आहे. त्या रात्री मला झोप लागली. ज्या रात्री मी चूक नसताना गप्प बसलो किंवा चूक असताना वाद घातला, त्याच रात्री झोप उडाली होती.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण मला दिसते. तुम्ही नोकरीत आहात. फी तुम्ही ठरवलेली नाही, किती कामे घ्यायची हेही तुम्ही ठरवलेले नाही, तरीही जुलैमधले फोन तुम्हालाच घ्यावे लागतात. हा भार मन घट्ट करून पेलण्याचा नाही. तुमच्या साहेबांशी शांत दिवशी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गर्दीनंतर, बोला आणि दोन गोष्टी मागा: कागद कोणत्या तारखेपर्यंत आले तरच काम मुदतीत होईल याची लेखी सूचना सर्व क्लायंटना जावी, आणि चिडलेल्या माणसाला ‘मी माहिती घेऊन सायंकाळी पाचपर्यंत कळवते’ असे सांगण्याची मुभा तुम्हाला असावी. आणि पाचला फोन नक्की करा, उत्तर मिळाले नसले तरी करा. आमच्याकडचा निम्मा संताप कामाचा नसतो, कोणी काही कळवत नाही याचा असतो.

शिवीगाळ मात्र या सगळ्यात बसत नाही. माझ्या कार्यालयातील मुलीला अपशब्द वापरणाऱ्या दोन क्लायंटचे काम मी आजवर थांबवले आहे. दोघांनाही त्यांचे सर्व कागद यादीनिशी परत दिले, पासवर्ड बदलून घ्यायला सांगितले आणि त्यांची पुढची देय तारीख कोणती आहे, ते लिहून दिले.