कर्ज आधी, की पाच पाने आधी? एका पालकांच्या पत्राला उत्तर

स. न. वि. वि.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली मुलगी उपयोजित कलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे, तिला कॉमिक्सची चित्रकार व्हायचे आहे, या विषयाची पदव्युत्तर पदवी ब्रिटनमध्ये मिळते हे तिने शोधून काढले आहे आणि त्यासाठी घर तारण ठेवून पस्तीस लाखांचे कर्ज काढावे का, हा आपला प्रश्न आहे. मुलगी ज्या बातम्या दाखवते त्या महोत्सवांच्या आणि पुरस्कारांच्या असतात. लंडनमधले आपले मेहुणे ज्या बातम्या पाठवतात त्या अंक बंद पडल्याच्या आणि माणसे कमी केल्याच्या असतात. तेव्हा विश्वास कोणावर ठेवावा, असेही आपण विचारले आहे. दोघांचेही खरे आहे. फक्त दोघे या व्यवसायाच्या वेगवेगळ्या दारांशी उभे राहून बोलत आहेत.

मेहुण्यांचे दार आधी पाहू. स्कॉटलंडमधील डंडी शहरातील डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने १९३७ मध्ये ‘द डँडी’ आणि १९३८ मध्ये ‘द बीनो’ ही मुलांची साप्ताहिके सुरू केली. एके काळी ‘डँडी’चा आठवड्याचा खप वीस लाखांच्या घरात होता, २०१२ मध्ये तो जेमतेम आठ हजारांवर आला आणि पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या अंकाबरोबरच छापील ‘डँडी’ थांबला. ‘बीनो’ मात्र आजही दर आठवड्याला निघतो आणि २०१९ मध्ये त्याने चार हजारावा अंक काढला. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत याच संस्थेने सुमारे तीनशे नोकऱ्या कमी करण्याचे आणि चाळीसच्या आसपास नियतकालिके बंद करण्याचे जाहीर केले. आपल्या मेहुण्यांनी पाठवलेले कात्रण बहुधा त्याच वेळचे असावे. त्यात बंद झालेली सगळी नियतकालिके कॉमिक्सची नव्हती, हे त्यांच्याही लक्षात आणून द्यावे.

मुलगी ज्या दाराशी उभी आहे तिकडचे चित्र निराळे आहे. ऑक्सफर्डहून २०१२ च्या जानेवारीपासून ‘द फिनिक्स’ हे मुलांचे साप्ताहिक निघते आणि त्यातील मालिका पुढे पुस्तकरूपाने येतात. जेमी स्मार्ट यांची ससा आणि माकड यांच्या भांडणाची मालिका अशीच आधी अंकात आणि मग पुस्तकांच्या दुकानात पोहोचली. १९७७ मध्ये सुरू झालेले ‘२००० एडी’ हे विज्ञानकथांचे साप्ताहिक २००० साली रिबेलियन या ऑक्सफर्डच्याच व्हिडिओ गेम कंपनीने विकत घेतले आणि नंतरच्या काळात याच कंपनीने जुन्या ब्रिटिश कॉमिक्सचा फार मोठा संग्रहही आपल्याकडे आणला. मेरी आणि ब्रायन टॅलबट या दांपत्याच्या चित्ररूप चरित्रग्रंथाला २०१२ चा कोस्टा चरित्र पुरस्कार मिळाला, तेव्हा साहित्याच्या पंक्तीत या प्रकाराला पाट मांडला गेला. अॅलिस ओसमन यांचे उदाहरण आपल्या मुलीला पाठ असेलच: त्यांनी ‘हार्टस्टॉपर’ २०१६ पासून इंटरनेटवर पानापानाने विनामूल्य दिले, मग वाचकांकडून निधी गोळा करून पहिले पुस्तक स्वतः छापले, त्यानंतर मोठा प्रकाशक आला आणि २०२२ मध्ये त्यावर नेटफ्लिक्सची मालिका झाली.

थोडक्यात, वृत्तपत्रविक्रेत्याच्या फळीवरचा स्वस्त अंक आक्रसला आहे आणि पुस्तकांच्या दुकानातला बालविभाग व चित्रकादंबऱ्यांचा कप्पा रुंदावला आहे. वाचक आहेत. परंतु आपल्याला निर्णय कर्जाचा घ्यायचा आहे, आणि वाचक असणे व नोकरी असणे या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे.

कॉमिक्सच्या चित्रकाराला ब्रिटनमध्ये सहसा नोकरी नसते, हे वाक्य मी मुद्दाम ठळकपणे लिहितो. संपादकीय विभागात काही मोजक्या पगारी जागा असतात; लेखक, पेन्सिलने आराखडा करणारे, शाई भरणारे, रंग देणारे आणि संवादाचे फुगे व अक्षरे बसवणारे लेटरर हे बहुतेक सगळे पानागणिक किंवा पुस्तकागणिक मानधन घेतात. ब्रिटनमध्ये ‘कॉमिक्स लॉरिएट’ हे मानाचे पद आहे आणि २०१४ मध्ये डेव्ह गिबन्स त्याचे पहिले मानकरी झाले. या पदावर असताना हॅना बेरी यांनी तिथल्या कॉमिक्सकारांची पाहणी करून २०२० मध्ये अहवाल काढला आणि त्यातून दिसले ते हेच, की केवळ कॉमिक्सवर घर चालवणारे थोडे असून बाकीचे शिकवणे, जाहिरातीची चित्रे किंवा अगदी वेगळी नोकरी यांची जोड देतात. ज्या मंडळींचा तिथे जन्म गेला, ज्यांना व्हिसा लागत नाही आणि ज्यांच्या डोक्यावर भारतीय बँकेचा हप्ता नाही, त्यांची ही स्थिती आहे.

आता व्हिसाकडे वळू, कारण दलालांच्या माहितीपत्रकात हा भाग नेमका बारीक अक्षरात असतो. विद्यार्थी व्हिसावर असताना ब्रिटनमध्ये स्वयंरोजगार करता येत नाही. कॉमिक्सचे मानधनी काम हा स्वयंरोजगारच आहे. म्हणजे शिकत असताना एखाद्या संपादकाने चार पाने देऊ केली तरी ती पैसे घेऊन करण्याआधी तिला विद्यापीठाच्या व्हिसा कक्षात विचारावे लागेल आणि उत्तर बहुधा नकाराचे असेल. पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर असे काम चालते, पण त्याची मुदत दोन वर्षांची असून १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ती अठरा महिन्यांवर येते. त्यापुढे राहायचे तर सर्वसाधारण मार्ग म्हणजे ठरावीक किमान पगार देणारी आणि प्रायोजक व्हायला तयार असणारी कंपनी. पानागणिक पैसे देणारा प्रकाशक प्रायोजक होत नाही. त्यामुळे अठरा महिन्यांनंतर मुलगी एखाद्या गेम कंपनीत किंवा जाहिरातसंस्थेत जागा शोधू लागेल, आणि ज्या कॉमिक्ससाठी कर्ज काढले ते रात्री जागून करण्याचे काम होऊन बसेल.

यातली सुदैवाची बाजू अशी, की जो व्यवसाय नोकरी देत नाही तो पत्ताही फारसा विचारत नाही. आपण लिहिले आहे की शाळेत असताना रद्दीच्या दुकानातून ‘कमांडो’चे छोटे अंक आणून वाचत होतो. मीही त्याच वाटेचा वारकरी. अर्ध्या किमतीत घ्यायचे आणि वाचून पाव किमतीत परत द्यायचे, असा आमचा व्यवहार असे. १९६१ पासून डंडीहून निघणाऱ्या त्या युद्धकथांची चित्रे काढणारे कित्येक हात स्पेन, इटली आणि अर्जेंटिनातले होते, हे तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होते? ‘२००० एडी’मधील न्यायाधीश ड्रेड या सुप्रसिद्ध पात्राला रूप देणारे कार्लोस एझकेरा हेही स्पॅनिशच. त्या काळी पाने टपालाने जात, आता ती ई-मेलने जातात.

आपल्याकडची उदाहरणेही आहेत. मुंबईत वाढलेले राम व्ही लंडनला जाऊन लेखक झाले. त्यांच्या ‘ब्लू इन ग्रीन’ची चित्रे काढली मुंबईचे आनंद राधाकृष्णन यांनी, आणि त्या कामासाठी रंगकार जॉन पिअर्सन यांच्यासह त्यांना कॉमिक्ससाठी अमेरिकेत दिला जाणारा २०२१ चा आयझनर पुरस्कार मिळाला. त्याच पुस्तकाचे लेटरिंग पुण्यातील आदित्य बिडीकर यांनी केले आहे. पुस्तक अमेरिकेतून निघाले, लेखक लंडनचा आणि चित्र व अक्षर महाराष्ट्रातले, अशी ही आजची वाटणी आहे. लेटरिंगचा उल्लेख मी सहज करत नाही. आपल्या मुलीने पदवीला सुलेखन व अक्षररचना हे विषय घेतल्याचे आपण लिहिले आहे. चित्रकारांच्या मानाने या कामाकडे वळणारे थोडे असतात आणि एका चित्रकाराचे एक पुस्तक होईपर्यंत लेटररची चार होऊ शकतात.

म्हणून माझे मत असे, की यंदा कर्ज काढू नये. त्याऐवजी तिला एक वर्ष द्यावे, आणि ते घरात बसून राहण्याचे वर्ष ठरू नये यासाठी त्याला मुदती असाव्यात. पहिल्या तीन महिन्यांत तिने पाच पानांची एक पूर्ण कथा करावी. सुटी देखणी चित्रे तिच्याकडे भरपूर आहेत, आपण पाठवलेली मी पाहिली. पण संपादकाला पाहायचे असते ते एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत कथा कशी सरकते, तेच पात्र बाराव्या चौकटीत ओळखू येते का आणि फुग्यांसाठी जागा सोडली आहे का. तिच्या चित्रांत फुग्यांना जागाच नाही, हे तिला माझ्या वतीने सांगावे. ‘२००० एडी’त ‘फ्यूचर शॉक’ नावाच्या चार-पाच पानी स्वतंत्र कथांची जुनी परंपरा आहे आणि अॅलन मूर यांच्यासारख्या लेखकांनी तिथूनच हात साफ केला. अशा कथांची बांधणी तिने समोर ठेवून अभ्यासावी. नवोदितांची संहिता किंवा नमुने प्रत्येक अंक वर्षभर स्वीकारत नाही, तेव्हा नियम वाचूनच पाठवावे. करार आलाच तर पात्राचे आणि पुनर्मुद्रणाचे हक्क कोणाकडे राहतात हे सहीपूर्वी विचारावे, आणि पौंडात आलेल्या पैशांचा हिशेब पहिल्या दिवसापासून सी.ए.कडे द्यावा.

एवढे करूनही तिला शिकायला जावेसे वाटले, तर ते वाटणे मी चुकीचे मानणार नाही. डंडी विद्यापीठात कॉमिक्सची पदव्युत्तर पदवी आहे, मिडल्सबरोच्या टीसाइड विद्यापीठात पदवी पातळीवर हा विषय शिकवला गेला आहे, आणि चांगले सहाध्यायी व कठोर शिक्षक मिळणे ही मोलाची गोष्ट आहे. मात्र डंडी विद्यापीठ मोठ्या आर्थिक तुटीत सापडले असून २०२५ मध्ये तिथे शेकडो पदे कमी करण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा अभ्यासक्रम चालू आहे का आणि शिकवणार कोण, हे विद्यापीठाकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. शिष्यवृत्ती मिळाली तर प्रश्नच वेगळा होतो. दरम्यान एखाद्या नोव्हेंबरात हॅरोगेटला भरणारा ‘थॉट बबल’ महोत्सव पाहायला तिला पर्यटक म्हणून पाठवता आले, तर पदवीच्या खर्चाच्या अगदी लहान भागात तिला संपादक, छोटे प्रकाशक आणि स्वतःची पुस्तके मेजावर मांडून बसलेले चित्रकार एकाच छताखाली भेटतील. टेबल लावून पुस्तके विकायची असतील तर व्हिसाचे नियम आधी तपासावे लागतील. नुसते पाहायला आणि पोर्टफोलिओ दाखवायला हरकत नसावी. मेहुण्यांनाही सोबत पाठवावे, त्यांच्या बातम्यांत थोडी भर पडेल.

पाच पाने तयार झाली की ती मला पाठवण्यास तिला सांगावे. घराची कागदपत्रे तोवर कपाटातच असू द्यावीत.

आपला,
करिअर मार्गदर्शक