वाचक विचारतात : रॉयल पार्कातल्या स्मारकावरचा मजकूर किती खरा?

प्रश्न : मेलबर्नला मुलीकडे आलो आहे. रॉयल पार्कात ‘द अव्हेन्यू’ रस्त्याच्या कडेला बर्क-विल्स मोहिमेचे दगडी स्मारक पाहिले. मोहीम यशस्वी करून दोघे शूर नायक परतीच्या वाटेवर कूपर्स क्रीक या ओढ्याकाठी मरण पावले, असे त्यावर लिहिले आहे. नायकच दगावले, तर यश कसले? आणि या मोहिमेत हिंदुस्थानातले उंट होते म्हणतात, ते खरे का?

उत्तर : मोहीम निघाल्याची स्मारकावरची जागा आणि तारीख बरोबर आहे. २० ऑगस्ट १८६० रोजी मोहीम याच पार्कातून निघाली. स्मारक मात्र १८९० मधले. ऑस्ट्रेलिया खंड ओलांडून उत्तरेचे कार्पेंटारिया आखात गाठायचे होते. फेब्रुवारी १८६१ मध्ये तिथल्या खाऱ्या पाण्याच्या कांदळवनापर्यंत ते पोचले, पण दलदलीमुळे समुद्र काही दिसला नाही. यश म्हणायचे ते एवढेच.

घात झाला तो वेळेचा, आणि त्याची सुरुवात पार्कातच झाली. सामान सुमारे २० टन, त्यात टेबल-खुर्च्यासुद्धा! सहा गाड्यांपैकी एक पार्काबाहेर पडण्याआधीच मोडली, आणखी दोन जवळच्या एसेंडनला. पावसाने रस्त्यांचा राडा झालेला. वाटेतल्या मेनिंडी गावापर्यंतचे ७५० किलोमीटर टपालगाडी आठवड्याहून थोड्या अधिक वेळात कापी. यांना जवळजवळ दोन महिने लागले. त्यामुळे कूपर्स क्रीकवरच्या तळापुढची वाट ऐन उन्हाळ्यात (तिकडे डिसेंबरात) आली. १६ डिसेंबरला बर्क, विल्स, किंग आणि ग्रे १२ आठवड्यांच्या शिध्यावर तळावरून निघाले. परतायला १८ आठवडे लागले. ग्रे वाटेत वारला. उरलेले तिघे २१ एप्रिलच्या संध्याकाळी पोचले, तर तळावरची माणसे त्याच सकाळी निघून गेलेली.

पुढे ते नार्डू या पाणवनस्पतीच्या पिठावर जगू लागले. नीट प्रक्रिया न केलेल्या नार्डूतले विकर (एन्झाइम) ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. पोट भरूनही ते खंगत गेले, ते बहुधा यामुळेच. किंग वाचला, कारण तिथल्या यांद्रुवांधा या आदिवासी लोकांनी त्याला सांभाळले. स्मारकाच्या मजकुरात त्या लोकांचा उल्लेखही नाही, ही आम्हाला सर्वांत मोठी उणीव वाटते.

उंटांचे खरे आहे. मोहिमेचा उपप्रमुख लँडेल्स याने २४ उंट कराची बंदरातून आणले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. उंटांसोबत उंटवाले शिपाईही आले. त्यांतला सामला हिंदू होता. शिध्यातले गोमांस त्याला चालेना, म्हणून काही दिवसांतच तो मोहिमेतून बाहेर पडला.

मजकूर वाचायला किंवा फोटो काढायला सकाळच्या अथवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जावे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू मात्र घासू नये, दगड खराब होतो. दोघांची कबर जवळच, मेलबर्न जनरल सिमेटरीत आहे.