'अशुद्ध उच्चार' लिहावं का?

निपाणीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न: कन्नड घरातली मुलं मराठी शिकताना अ‍ॅपवर वाचून दाखवतात. ज्या शब्दांना कमी गुण पडतात, त्यांच्यापुढे 'अशुद्ध उच्चार' असा शेरा द्यावा का?

देऊ नये, कारण अ‍ॅपमागच्या यंत्राने शुद्धाशुद्ध पाहिलेलंच नसतं. ते आवाज दहा-दहा मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी तपासतं, कुठला ध्वनी कुठून कुठवर आहे ते ठरवतं आणि तिथे अपेक्षित ध्वनी असण्याची शक्यता जास्त की दुसराच असण्याची, हे ताडतं. केंब्रिजच्या विट आणि यंग यांनी २००० साली मांडलेली ही रीत; न्यूरल नेटवर्क आली तरी तुलनेचा गाभा तोच राहिला. ही शक्यता ठरते यंत्राला ऐकवलेल्या आवाजांवरून. ते सगळे पुण्याचे असतील, तर बेळगाव-खानापूरच्या बोलीला विनाकारण कमी गुण पडू शकतात. 'अशुद्ध' हा शिक्का सीमाभागातल्या मराठीने आधीच फार सोसला आहे.

खरी गोम 'च'मध्ये आहे. 'चार'मधला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून म्हटलेला; 'चाक'मधला दंततालव्य, म्हणजे जीभ दातांजवळ नेऊन 'त्स'सारखा म्हटलेला. अक्षर मात्र एकच. कन्नडात तालव्यच असल्यामुळे मुलं 'चाक'ही 'चार'सारखं म्हणतात. यंत्राच्या उच्चारकोशात, म्हणजे कुठल्या शब्दात कुठले ध्वनी याच्या यादीत, दोन्हींना एकच खूण असेल, तर या उच्चाराला पैकीच्या पैकी गुण मिळतील आणि मराठी कानाला तो लगेच खटकेल. केवळ हिंदी आवाजांवर घडलेलं यंत्र तर नेमका मराठी उच्चारच खाली ढकलेल.

मराठी मुलं कन्नड शिकतात तेव्हा अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. 'बॆळॆ' (पहिला ए ऱ्हस्व) म्हणजे पीक, 'बेळॆ' (पहिला ए दीर्घ) म्हणजे डाळ. इथे अर्थच बदलतो, म्हणून 'चूक' म्हणायला माझी हरकत नाही. पण वरच्या रीतीत गुणांना ध्वनीच्या लांबीने भागतात, त्यामुळे लांबीचा फरक नीट उतरत नाही. ऱ्हस्व आणि दीर्घ ए यंत्राला वेगळे ध्वनी म्हणून शिकवावे लागतात किंवा कालावधी निराळा मोजावा लागतो.

शेऱ्यात 'चाक: दंततालव्य च ऐवजी तालव्य' असं लिहा, मुलाला काय सुधारायचं ते कळेल. त्याआधी तुम्ही स्वतः 'चाक' मुद्दाम तालव्य च घालून वाचा. गुण कमी झाले नाहीत, तर यंत्राला हा फरक कळत नाही; या ध्वनीपुरता तुमचा कानच प्रमाण माना.