डाउनलोड केलेला कंपायलर विंडोज अडवत असेल तर काय करावे?

आपला प्रश्न असा आहे की, सी++ चा कंपायलर (लिहिलेल्या कोडचे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणारे साधन) झिप स्वरूपात उतरवून विंडोज ११ वर उघडल्यावर त्यातले प्रोग्राम चालवताना निळा इशारा येतो, पॉवरशेलमध्ये (विंडोजला लिखित आज्ञा देण्याच्या खिडकीत) स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, चालत नाही, आणि मित्र म्हणतो की अँटिव्हायरस बंद करून काम उरकावे. कृपया तसे करू नका. एका फाइलसाठी सगळ्या संगणकाचे दार उघडे टाकण्याची काहीच गरज नाही.

अडचण त्या फाइलवरच्या शिक्क्याची आहे. ब्राउझर फाइल उतरवताना तिला ‘झोन.आयडेंटिफायर’ नावाची एक छोटी, सहसा न दिसणारी नोंद जोडतो आणि तीत ३ हा आकडा असला की फाइल इंटरनेटवरून आली आहे असे विंडोज समजते. मग स्मार्टस्क्रीन, म्हणजे विंडोजची अनोळखी फाइल अडवणारी सोय, त्या फाइलची सही (बनवणाऱ्याची डिजिटल ओळख) आणि लौकिक तपासते. नुकत्याच निघालेल्या, सही नसलेल्या आणि फार लोकांनी न उतरवलेल्या आवृत्तीला लौकिक नसतो, म्हणून ती निर्दोष असली तरी इशारा येतो. याउलट मित्राच्या पेन ड्राइव्हवरून घेतलेली तीच फाइल निमूटपणे चालू शकते, कारण फॅट३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर ही नोंद टिकत नाही. इशारा आला नाही म्हणून ती प्रत सुरक्षित ठरत नाही.

म्हणून शिक्का काढण्याआधी फाइल कुठून आली ते पाहावे. २०१५ मध्ये चीनमध्ये ॲपलच्या एक्सकोड या ॲप बनवण्याच्या साधनाच्या बदललेल्या प्रती इतरत्रून उतरवल्या गेल्या आणि त्यांतून तयार झालेल्या ॲपमध्ये घातक कोड आपोआप शिरला. विकासकांना त्याचा पत्ताही नव्हता. कंपायलर बिघडलेला असेल तर त्यातून बाहेर पडणारे सारेच संशयास्पद होते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. फाइल मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिथे दिलेला एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, तिच्या बोटांच्या ठशासारखा संकेत) पॉवरशेलच्या ‘गेट-फाइलहॅश’ या आज्ञेने पडताळावा. मी दोन्ही हॅश नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवतो. ६४ अक्षरांपैकी एकही वेगळे निघाले तर ती फाइल पुसून टाकतो. अर्थात हॅशही त्याच पानावर असेल तर त्यावरून फाइल उतरताना बिघडली नाही एवढेच कळते.

आता मुख्य उपाय, आणि यात क्रम महत्त्वाचा आहे. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररने झिप उलगडली की तिच्यावरचा शिक्का आतल्या फाइलींवरही उमटतो, म्हणूनच आपल्याला पुन्हा पुन्हा इशारा येत आहे. आधी उलगडलेला फोल्डर काढून टाका. मूळ झिप निवडून ऑल्ट आणि एंटर दाबा, प्रॉपर्टीज उघडल्यावर ‘जनरल’ या भागात अगदी तळाशी ‘अनब्लॉक’ची चौकट दिसेल, तीत खूण करून ‘ओके’ म्हणा आणि मगच झिप पुन्हा उलगडा. एकच इन्स्टॉलर असेल, तर निळ्या पडद्यावरील ‘मोअर इन्फो’ आणि त्यानंतर ‘रन एनीवे’ एवढेच पुरते.

पॉवरशेलचा अडथळा निराळा आहे. घरच्या विंडोजवर स्क्रिप्ट चालवण्याचे धोरण मुळात ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे कोणतीच स्क्रिप्ट न चालू देणारे, असते. ते ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी’ने ‘रिमोटसाइन्ड’ करावे आणि व्याप्ती ‘करंटयूजर’ ठेवावी, म्हणजे ॲडमिनचे अधिकारही लागत नाहीत. आपण स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट त्यानंतर चालतात, आणि इंटरनेटवरून आलेल्यांना सही किंवा अनब्लॉक करणे लागतेच. ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘बायपास’ ही ढिली धोरणे कायमची ठेवू नका.

विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने विषाणूचे नाव घेऊन फाइल क्वारंटाइनमध्ये (वेगळ्या, बंदिस्त जागेत) टाकली असेल, तर मात्र वरचे काहीही करू नका. ती फाइल तिथेच राहू द्या, प्रकल्पाच्या तक्रार-नोंदींत त्याच आवृत्तीबद्दल कोणी लिहिले आहे का ते शोधा, आणि खुलासा मिळेपर्यंत आधीची आवृत्ती वापरा.