मीना लॉय: ‘आघाडीची’, ‘प्रयोगशील’ की ‘बिनीवरची’?

प्रश्न असा आला आहे: मीना लॉय या कवयित्री-चित्रकार स्त्रीविषयी मराठीत लिहायचं आहे. इंग्रजी लेखांत तिला ‘आवाँ-गार्द’ म्हणतात. मग ‘आघाडीची कवयित्री आणि कलाकार’ असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. ‘आघाडीची’ही नको आणि ‘कलाकार’ही नको.

‘आघाडी’ हे शब्दशः भाषांतर म्हणून चोख आहे, हे आधी मान्य करू. आवाँ म्हणजे पुढचा, गार्द म्हणजे पहारा. मुख्य फौजेच्या पुढे जाऊन मुलूख चाचपणारी तुकडी ती आवाँ-गार्द. फ्रान्समध्ये १८२५ साली सेंट-सायमन या समाजवादी विचारवंताच्या वर्तुळातल्या लिखाणात हा लष्करी शब्द कलावंतांना लावला गेला, आणि पुढे तो कलेतच जास्त रुळला. मराठीत मात्र ‘आघाडी’ची वाट वेगळी झाली. आघाडीचा फलंदाज, आघाडीचं दैनिक, आघाडीची अभिनेत्री: सगळीकडे अर्थ एकच, नावाजलेला, पहिल्या रांगेतला. पुढे कोण गेलं यापेक्षा वर कोण आहे, हे तो शब्द सांगतो.

मीना लॉयच्या बाबतीत हा अर्थ पार उलटा पडतो. १८८२ साली लंडनमध्ये तिचा जन्म झाला. वडील हंगेरीहून आलेले ज्यू शिंपी, आई इंग्रज प्रोटेस्टंट. लंडन, म्युनिक आणि पॅरिसमध्ये ती चित्रकला शिकली. १९०४ साली पॅरिसच्या ‘सालों दोतॉन’ प्रदर्शनात चित्रं लावताना तिने ‘लोवी’ हे घराण्याचं नाव सोडून ‘लॉय’ केलं. फ्लॉरेन्समध्ये फ्युचरिस्टांशी, म्हणजे यंत्र आणि वेगाचं गुणगान करणाऱ्या इटालियन चळवळीतल्या मारिनेत्ती आणि पापिनी यांच्याशी तिची जवळीक झाली आणि तुटलीही. १९१६ साली ती न्यूयॉर्कला गेली. तिथे भेटलेल्या आर्थर क्रॅव्हन या कवी-मुष्टियोद्ध्याशी तिने १९१८ साली मेक्सिकोत लग्न केलं. त्याच वर्षी तो मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून बेपत्ता झाला, तेव्हा ती गरोदर होती. तिचा पहिला कवितासंग्रह १९२३ साली पॅरिसमध्ये निघाला आणि दुसरा थेट १९५८ साली. मधली पस्तीस वर्षं एकही पुस्तक नाही. अशा स्त्रीला ‘आघाडीची कवयित्री’ म्हटलं, की वाचक सत्कार आणि पुरस्कार डोळ्यांसमोर आणणार. तिचं खरं दुःखच त्यातून पुसलं जातं.

‘प्रयोगशील’ हा शब्द बहुतेक जण सुचवतील, आणि तो चुकीचा नाही. ‘साँग्स टू जोआनिस’ ही तिची चौतीस तुकड्यांची मालिका उघडून पाहा. ओळींच्या मधोमध मोकळ्या जागा सोडलेल्या, लांबलचक आडव्या रेघा, विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. हे प्रयोग आहेतच. पण १९१५ साली या मालिकेतल्या पहिल्या कविता न्यूयॉर्कच्या ‘अदर्स’ मासिकात आल्या, तेव्हा लोक चिडले ते केवळ मोकळ्या जागांमुळे नव्हे. पहिल्याच कवितेत मदनाचं डुक्कर झालेलं आहे. ते गुलाबी मुसकटाने कामवासनेचा कचरा उकरतं, आणि त्या कचऱ्यातच परीकथेच्या आरंभाचे ठरलेले शब्द सापडतात, आपल्याकडचं ‘एक होता राजा’ सापडावं तसे. प्रेमकवितेची भाषा सुधारून घ्यावी असं तिला वाटतच नव्हतं. प्रेमकविता नावाचा पवित्र प्रकारच तिने घाणीत आणून उभा केला. ‘प्रयोगशील’ म्हटल्यावर ऐकू येते ती कारागिरी. हा हल्ला त्यात ऐकू येत नाही.

‘पुरोगामी’चं आणखी विचित्र झालं आहे. व्युत्पत्तीने पाहिलं तर पुढे चालणारा तो पुरोगामी, म्हणजे आवाँ-गार्दचा अगदी सख्खा भाऊ. पण आज त्याचा अर्थ सामाजिक सुधारणांच्या बाजूचा असा पक्का झाला आहे. आणि १९१४ सालच्या तिच्या स्त्रीवादी जाहीरनाम्यात तर सुधारणेलाच नकार आहे: परंपरेच्या उकिरड्याचा वरचा थर खरवडून काही होणार नाही, सगळं पाडूनच टाकायला हवं, असं ती बजावते. त्या वेळची स्त्री-चळवळही तिला अपुरी वाटते. अक्षरं लहानमोठी, शब्दांखाली जाड रेघा. हस्तलिखित पानच अंगावर येतं. हा जाहीरनामा तिच्या हयातीत छापला गेला नाही.

आता मराठीतला एक जुना शब्द: बिनी. फौजेची पुढची तुकडी ती बिनी, तिच्यावर नेमलेला सरदार तो बिनीवाला. माधवराव पेशव्यांच्या काळात उत्तरेच्या मोहिमेवर गेलेले विसाजी कृष्ण बिनीवाले आपल्याला इतिहासातून माहीत असतात. आवाँ-गार्दला याहून नेमका शब्द मराठीत दुसरा नाही. अडचण एवढीच, की ‘बिनीचा शिलेदार’ हेही आता ‘आघाडीचा’सारखंच गौरवाचं झालं आहे. म्हणून मी ‘बिनीची’ न म्हणता ‘बिनीवरची’ म्हणेन. ‘-ची’ने मानाची जागा कळते, ‘-वरची’ने कामगिरी. आपण ‘पहाऱ्यावरचा शिपाई’ म्हणतो तसं ‘बिनीवरची कवयित्री’: पुढे धाडलेली, एकटी, मागून फौज येते आहे की नाही याची खात्री नसलेली.

लेखात पहिल्या उल्लेखाला ‘आवाँ-गार्द’ हाच शब्द ठेवावा, कारण फ्युचरिझम आणि ‘दादा’ या कलाचळवळींच्या काळाचं ते नाव आहे आणि ते टाळून चालणार नाही. फक्त ‘अव्हांत गार्ड’ लिहू नये. त्यातला ‘त’ फ्रेंचमध्ये उच्चारतच नाहीत. पुढे वर्णन करताना ‘बिनीवरची’ खुशाल वापरावा.

‘कलाकार’ नको, कारण मराठीत त्या शब्दाने आधी नट-नटी डोळ्यांपुढे येतात. मीना लॉय न्यूयॉर्कमध्ये एका नाटकात उभी राहिली होती हे खरं, पण तिची ओळख ती नव्हे. ‘चित्रकार’ बरोबर, तरी अपुरा. १९२६ च्या सुमारास पेगी गुगेनहाइम या श्रीमंत अमेरिकन बाईच्या पैशावर तिने पॅरिसमध्ये दिव्यांचं दुकान काढलं. त्यातल्या दिव्यांच्या शेड्स तिने स्वतः घडवलेल्या होत्या. उतारवयात न्यूयॉर्कच्या बावरी भागात राहताना तिथल्या बेघर माणसांच्या प्रतिमा तिने रस्त्यावरच्या कचऱ्यातून, चिंध्या आणि टाकाऊ वस्तू जोडून केल्या. १९१४ चा उकिरडा, १९१५ चा कचरा आणि हा बावरीचा कचरा मला एकाच सलग कामाचे भाग वाटतात. तेव्हा ‘दृश्यकलाकार’ लिहावं. थोडा पुस्तकी आहे, पण कॅनव्हासपासून चिंध्यांपर्यंत सगळं त्यात मावतं. ‘कवयित्री’ मात्र ‘कवियत्री’ होऊ देऊ नये. मूळ शब्द ‘कवयितृ’ आहे.

राहिलं तिच्या १९२३ च्या पहिल्या संग्रहाचं नाव, ‘लूनर बेडेकर’. मराठी वाचकाला हे आपल्याकडचं आडनाव वाटेल. ते जर्मन प्रवासमार्गदर्शिकांच्या प्रसिद्ध प्रकाशकाचं आहे आणि युरोपात ते अशा पुस्तकांसाठी सामान्यनाम म्हणूनच रूढ होतं. १९२३ च्या आवृत्तीवर त्याचं रोमन स्पेलिंग चुकीचं छापलं गेलं होतं. देवनागरीत तो फरक दाखवता येत नाही, दाखवायची गरजही नाही. मूळ नाव तसंच ठेवून पहिल्या वेळी शेजारी ‘चंद्राची प्रवासदर्शिका’ एवढं दिलं की काम भागेल.