नवीन इलिओस्टॉमी, बॅग सारखी गळते. कोणती बॅग आणि कोणता टेप घ्यावा?

महिन्याभरापूर्वी इलिओस्टॉमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढण्याचं ऑपरेशन) झाली, बॅग दर दुसऱ्या दिवशी गळते, घरचे म्हणतात जास्त चिकटणारी बॅग आणा नाहीतर कडेने वॉटरप्रूफ टेप मारा, असं तुम्ही लिहिलंय. टेपचं आधी सांगते: आणू नका. स्टोमा केअर नर्स म्हणून या एका सल्ल्यावरून मी वॉर्डात जेवढी भांडले आहे तेवढी दुसऱ्या कशावरून भांडलेली नाही.

गळती दिसते बाहेरच्या कडेला, पण सुरू होते आत, स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, मुळाशी. कडेला ओल येईपर्यंत शौच प्लेटखाली, म्हणजे बॅग कातडीला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीखाली, पसरून झालेलं असतं. वरून टेप मारला की बाहेर पडायची वाट तेवढी बंद होते आणि ते कातडीवर कोंडून राहतं. इलिओस्टॉमीतून येणाऱ्या पातळ शौचात लहान आतड्यातले पाचकरस असतात, ते कातडी अक्षरशः भाजून काढतात. काही तासांत लाली, रात्रभर राहिलं तर सालपट. सालपटलेल्या कातडीतून पाणी पाझरतं, पाझरणाऱ्या कातडीवर पुढची प्लेट धरत नाही, म्हणून ती आणखी लवकर गळते. प्लेटखाली एकाच जागी खाज किंवा चुरचुर सुरू झाली की ओल दिसायची वाट बघू नका, प्लेट काढा. रात्रीचे तीन वाजले असले तरी काढा.

काढलेली प्लेट मात्र लगेच फेकायची नाही. काढण्याआधी तिच्या वरच्या कडेला पेनाने खूण करा. मग चिकटपणा सोडवणारा रिमूव्हर किंवा ओल्या मऊ कापडाने कड सोडवा आणि एका हाताने कातडी दाबून धरत वरून खाली हळूहळू सोलून काढा. उलटी करून उजेडात धरा. उलटी केल्यावर डावं-उजवं बदलतं, म्हणून ती खूण. प्लेटचा चिकट थर ओल शोषून आधी फुगतो, मग पांढरट होतो, शेवटी विरघळतो. कुठे आणि किती विरघळलाय यावरून गळतीचं कारण बहुतेक वेळा कळतं. भोकाभोवती सगळीकडे सारखा, साधारण अर्धा सेंटीमीटर विरघळला असेल तर ठीक. सगळीकडे सेंटीमीटरहून जास्त गेला असेल तर प्लेट जास्त दिवस ठेवली गेली. दर वेळी एकाच दिशेने, म्हणजे घड्याळातल्या पाचच्या किंवा नऊच्या जागी, कडेपर्यंत ओघळ गेला असेल तर तिथे घडी किंवा खळगा आहे, नाहीतर स्टोमाचं तोंड त्या बाजूला वळलंय. चिकट थर जवळजवळ कोरा आणि तरी प्लेट सुटली, तर ती मुळात चिकटलीच नव्हती. आणि प्लेट स्वच्छ असून बॅगेच्या जोडावर ओल असेल, तर टू-पीसची (प्लेट आणि बॅग वेगळी असलेल्या प्रकाराची) जोडाची रिंग नीट बसलेली नाही. ते सगळ्यात सोपं. दाबत फिरवा, सगळीकडून बसल्याची खात्री करा, झालं.

भोकाच्या मापाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण नवीन लोकांची निम्मी दुखणी तिथे असतात आणि दोष मात्र त्यांच्या हातांना दिला जातो.

एक काका आले होते. स्टोमाभोवती कच्ची, पाझरणारी कातडी, वरून टेपचे तीन थर. घरी त्यांची मुलगी प्लेट लावायची. वॉर्डातलं मत एकच: घरचे नीट लावत नाहीत. मुलीने पिशवीतून एक पुठ्ठ्याचं गोल माप काढलं, डिस्चार्जच्या वेळी कापून दिलेलं, ३८ मिलिमीटरचं. ते तिने जपून ठेवलं होतं आणि दर वेळी अगदी त्याच रेषेवर कापत होती. मी स्टोमा मोजला तर २८ मिलिमीटर. म्हणजे चहूबाजूंनी ५ मिलिमीटर कातडी उघडी, आणि तिच्यावर दिवसरात्र शौच. काढलेली प्लेट कातडीशेजारी धरून दाखवली: भाजलेलं कडं बरोबर त्या फटीएवढं रुंद, आणि त्यापलीकडे, जिथून प्लेटची आतली कड सुरू होत होती, तिथे बरीचशी कातडी चांगली. लावण्यात हयगय असती तर चट्टे वेडेवाकडे, कडेपर्यंत पसरलेले दिसले असते. मुलगी काटेकोर होती म्हणूनच कडं इतकं रेखीव होतं!

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढचे सहा ते आठ आठवडे आक्रसत जातो. हे प्रत्येक पुस्तकात आहे, प्रत्येक नर्सला माहीत आहे, आणि तरीही घरी जाणाऱ्या माणसाच्या हातात तारीख नसलेलं माप दिलं जातं. त्या मापावर तारीख आणि ‘दर आठवड्याला पुन्हा मोजा’ एवढं लिहायला काय लागतं? मी हे तेव्हा म्हटलं, त्यावर उत्तर मिळालं की पेशंट गोंधळतात. पेशंट गोंधळत नाहीत. जे सांगितलं ते करतात, म्हणूनच नीट सांगायला हवं. त्या मुलीला नवीन माप दिलं, भोक ३१ मिलिमीटरचं, कच्च्या जागेवर स्टोमा पावडर, बाकी साहित्य तेच. बॅग बदलली नाही, कंपनी बदलली नाही. कातडी सुकली आणि प्लेट धरायला लागली.

तुमचा महिना झालाय, म्हणजे डिस्चार्जचं माप आता बहुधा चुकीचं असणार. पुन्हा मोजा. प्लेटच्या डब्यात गोल भोकांचं कार्ड असतं. स्टोमाला न घासता जे भोक त्याच्या मुळाशी बसतं ते घ्या आणि त्यात २ ते ३ मिलिमीटर वाढवा. स्टोमा लांबट असेल तर लांबी-रुंदी वेगळी मोजून तसाच आकार कागदावर काढा, गोल कापू नका. आतड्याची हालचाल चालू असते, ते थोडं फुगतं आणि आक्रसतं, म्हणून मोठं दिसेल तेव्हाचं माप धरा. ‘एकदम टाइट कापा म्हणजे गळणार नाही’ हेही ऐकू नका: आतड्याला कापल्याचं दुखत नाही, त्यामुळे प्लेटची कड घासून जखम झाली तरी तुम्हाला जाणवणार नाही, शिवाय फुगणारा स्टोमा प्लेटला वर ढकलतो. कापायला वाकड्या टोकाची छोटी कात्री, कापून झालं की बोटाने कड गुळगुळीत करा. वन-पीस (प्लेट आणि बॅग एकत्र) असेल तर कापण्याआधी बॅगेच्या पुढचा पडदा बोटाने दूर करा. तो नकळत कापला जातो आणि मग ‘प्लेट गळतेय’ म्हणून आठवडाभर शोध चालतो. कापून ठेवलेल्या जादा प्लेट बाहेर जाताना जरूर जवळ ठेवा, पण सहा-आठ आठवडे होईपर्यंत एकदोनच.

घडी शोधायची तर झोपून बघून उपयोग नाही. झोपल्यावर पोट सपाट होतं. खुर्चीत बसा, थोडं पुढे वाका, समोर आरसा धरा. जिथे कातडी दुमडते किंवा खळगा पडतो, तिथे बॅरियर रिंगचा (मऊ, चिकट कड्याचा) तुकडा किंवा पेस्टची बारीक रेघ. पेस्ट चिकटवण्यासाठी नसते. खिडकीच्या फटीत लांबी भरतात तशी ती खळगा भरायला असते. जाड थापली तर प्लेट आणि कातडीच्या मध्ये एक घसरडा थर तयार होतो आणि गळती वाढते. रेघ ओढून अर्धा ते एक मिनिट सुकू द्या. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, कच्च्या कातडीवर ती झोंबते. तिथे रिंग वापरा. रिंग हातात मऊ करून स्टोमाच्या मुळाशी अलगद टेकेल अशी बसवायची.

प्लेट बदलायची वेळ सकाळी, काही खाण्यापिण्याआधी. तेव्हा स्टोमा सगळ्यात शांत असतो. तरी स्टोमाच्या तोंडाशी धरायला टिश्यूची गुंडाळी हाताशी ठेवा. कातडी कोमट साध्या पाण्याने धुवा. साबण, तेल, क्रीम, बेबी वाइप्स, जंतुनाशक यातलं काहीही नको, सगळ्यांचा पातळ थर मागे राहतो. केस असतील तर ट्रिमरने बारीक करा, रेझरने केसांच्या मुळांना पुळ्या येतात. मग टिपून पूर्ण कोरडं.

पावडर फक्त पाझरणाऱ्या जागेवर. शिंपडा, जास्तीची झटकून टाका, वर अल्कोहोल नसलेली बॅरियर फिल्म (कातडीवर संरक्षक थर देणारं द्रव) हलकेच टिपा, सुकू द्या, गरज असेल तर पुन्हा एकदोन थर. चांगल्या कातडीवर ‘असू दे म्हणून’ पावडर टाकली तर प्लेट पावडरला चिकटते, कातडीला नाही. लाल चट्ट्याभोवती सुटे लाल ठिपके आणि जोरदार खाज असेल तर ते बुरशीचं असू शकतं, त्याला बुरशीविरोधी पावडर लागते, तीही डॉक्टरांना दाखवून.

लावताना प्लेट आधी तळहातात किंवा काखेत धरून गरम करा. आतल्या कडेपासून बाहेर बोटाने दाबत जा, मग दोन-तीन मिनिटं तळहात ठेवून हलका दाब. चिकट थर उबेने आणि दाबाने धरतो, लावल्यालावल्या उठून वाकलात तर त्याला ती संधीच मिळत नाही. शक्य असेल तर पंधरा-वीस मिनिटं टेकून बसा.

बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा, अर्ध्यापलीकडे जाऊ देऊ नका. भरलेल्या बॅगेचं वजन प्लेटला खालून खेचतं. हवेने फुगली तरी हवा सोडा. बॅगेला टाचणीने भोक पाडायचं नाही, वासही येतो आणि गळतीही. बॅगेचा हवा सोडणारा फिल्टर ओला झाला की काम करत नाही. रिकामी केल्यावर खालचं तोंड आतूनबाहेरून पुसा. गळतीची शंका कित्येकदा तिथल्या वासाने येते.

आणि गळण्याची वाट न बघता ठरलेल्या दिवशी बदला. इलिओस्टॉमीत साधारण दर तीन ते चार दिवसांनी. आत्ता दुसऱ्या दिवशी गळतेय, तर कारण सापडेपर्यंत रोज बदलावी लागली तरी चालेल. पुढे कातडी उत्तम आणि प्लेटचा मागचा भाग चांगला दिसत असेल तर एखादा दिवस वाढवा, सात दिवसांपलीकडे मात्र नाही. ‘माझी दहा दिवस टिकते’ हे सांगणाऱ्यांची प्लेटखालची कातडी मी पाहिलेली आहे.

घरच्यांचा आणखी एक सल्ला तुम्ही शेवटी लिहिलाय: कमी खा, पाणी कमी प्या, म्हणजे कमी गळेल. हा टेपपेक्षा वाईट. मोठं आतडं वगळलेलं असताना पाणी आणि मीठ शरीरातून जास्त जातं, वर पिणंही कमी केलं तर डिहायड्रेशन होऊन किडनीवर येतं. चोवीस तासांत बॅगेत दीड लिटरहून जास्त जात असेल तर त्याच दिवशी सर्जनच्या टीमला कळवा. अशा वेळी नुसतं साधं पाणी ढोसल्याने मीठ आणखी बाहेर जातं, ओआरएस लागतं. शौच घट्ट करायची औषधं आहेत, पण मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

आता बॅगेचं. चांगल्या कंपन्यांच्या प्लेट मूळ प्रकारात सारख्याच असतात: वन-पीस किंवा टू-पीस, सपाट किंवा कॉन्व्हेक्स (कातडीकडच्या बाजूने फुगीर). नावापेक्षा स्टोमाची उंची महत्त्वाची. इलिओस्टॉमी साधारण दोन-अडीच सेंटीमीटर वर हवी, म्हणजे शौच कातडीवर न ओघळता बॅगेत पडतं. १९५२ साली ब्रायन ब्रुक या ब्रिटिश सर्जनने आतड्याचं टोक उलटं दुमडून असं वर ठेवायची पद्धत मांडली ती कातडी वाचवण्यासाठीच. तुमचा स्टोमा कातडीच्या बरोबरीने किंवा आत ओढलेला असेल, तर माप आणि घडी सांभाळूनही सपाट प्लेट गळत राहील. तिथे कॉन्व्हेक्स प्लेट आणि बेल्ट लागतो. बेल्ट स्टोमाच्या रेषेत, वर कमरेला चढलेला नको. पण पहिली कॉन्व्हेक्स स्वतःच मागवू नका. स्टोमाचे टाके सुटलेले असतील, स्टोमाभोवती निळसर फुगलेल्या शिरा असतील किंवा हर्नियाचा फुगवटा असेल तर चुकीच्या दाबाने जखम किंवा रक्तस्राव होतो. कडक की मऊ, किती खोल, हे बघणाऱ्याने ठरवावं.

मी लिहिलंय ते इलिओस्टॉमीचं. कोलोस्टॉमीवाल्यांची (मोठ्या आतड्याचा स्टोमा असलेल्यांची) तक्रार वेगळी असते: घट्ट शौच खाली न पडता स्टोमाशीच चेपून बसतं आणि प्लेटखाली घुसतं. त्यांनी फिल्टरवर स्टिकर लावून बॅगेत थोडी हवा राहू द्यावी, आतून बॅगेचं वंगण लावावं.

स्टोमा पुसताना थोडं रक्त लागलं तर घाबरू नका. पण स्टोमा जांभळा-काळा दिसला, आतून रक्त येत राहिलं, कातडीवर जांभळ्या कडांची खोल दुखरी जखम झाली, किंवा चार-सहा तास काहीच न येता पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर ही गळतीची गोष्ट राहत नाही. सरळ हॉस्पिटलमध्ये जा.

पुढच्या वेळी प्लेट काढाल तेव्हा दोन फोटो काढा: उलट्या प्लेटचा, आणि बसून उघड्या स्टोमाचा, शेजारी मापाचं कार्ड धरून. इथे टाकू नका, तुमच्या स्टोमा नर्सला दाखवा. त्या दोन फोटोंवरून ती तुम्हाला रिंग हवी की कॉन्व्हेक्स, की फक्त नवीन माप, हे माझ्यापेक्षा नेमकं सांगू शकेल.